मोतीलाल नेहरू : वकील आणि वडील

आपला प्रश्न असा आहे : 'जवाहरलाल नेहरूंचे वडील याखेरीज मोतीलाल नेहरूंची काही स्वतंत्र ओळख आहे का, आणि वकील म्हणून ते खरोखरच मोठे होते का?'

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर होकारार्थी आहे. जवाहरलाल राजकारणात नसते तरीही अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या इतिहासात मोतीलालजींना स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले असते. मात्र त्यांची वकिली आणि त्यांचे पितृत्व वेगळे काढून पाहता येत नाही, असे त्यांच्याविषयी वाचत गेल्यावर माझे मत झाले आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची मते बदलवण्याचा व्यवसाय केलेल्या या माणसाने उतारवयात स्वतःचे मत मुलासाठी बदलले, आणि जिथे ते बदलले नाही तिथे मुलाच्या समोर उभे राहून मांडले. मला त्यांच्या आयुष्यात सर्वाधिक मोल याचे वाटते.

त्यांचा जन्म 6 मे 1861 रोजी आग्र्यात झाला. वडील गंगाधर हे दिल्लीचे कोतवाल होते. 1857 च्या धामधुमीत कुटुंबाला दिल्ली सोडावी लागली आणि मोतीलालजींच्या जन्मापूर्वी तीन महिने वडील वारले. त्यामुळे ज्याने पुढे मुलांवर इतका जीव लावला, त्याने स्वतःच्या वडिलांचा चेहराही पाहिलेला नव्हता. थोरले बंधू नंदलाल यांनी त्यांना वाढवले. नंदलाल आधी खेत्री संस्थानात होते, नंतर आग्र्याला वकिली करू लागले आणि उच्च न्यायालय अलाहाबादला हलल्यावर त्यांच्याबरोबर कुटुंबही तिकडे गेले. लहानपणी मोतीलालजी फारसी आणि अरबी शिकले, इंग्रजीशी त्यांची गाठ बरीच उशिरा पडली. बी. ए.च्या परीक्षेत पहिला पेपर बिघडला असे समजून त्यांनी पुढचे पेपर दिलेच नाहीत, म्हणून पदवी हुकली. वकिलीच्या परीक्षेत मात्र 1883 साली ते पहिले आले. कानपूरला सुमारे तीन वर्षे उमेदवारी करून ते अलाहाबादला बंधूंकडे आले आणि थोड्याच काळात, 1887 मध्ये, नंदलाल अकाली गेले. त्यांच्या मागे दोन मुली आणि पाच मुलगे होते. पंचविशीतल्या नवख्या वकिलावर दोन्ही घरांचा भार पडला. त्यांचे पितृत्व येथून सुरू होते असे मला वाटते. स्वतःची मुले पुढे आली, त्याआधी पुतण्या-पुतणींचे पालनपोषण आणि शिक्षण त्यांनी अंगावर घेतले होते.

वकील म्हणून त्यांचे मुख्य क्षेत्र दिवाणी होते : जमीनदार घराण्यांचे वारसाहक्क, मिळकतीचे वाद आणि वर्षानुवर्षे चालणारी अपिले. लखना जहागिरीचा खटला तर त्यांना इतका चिकटून राहिला की पुढे वकिली सोडल्यावरही त्या एका अशिलासाठी त्यांना न्यायालयात परत उभे राहावे लागले. 1909 साली त्यांना प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे हिंदुस्थानातली अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर, काम चालवण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या पद्धतीविषयी सर्वांत विश्वसनीय साक्ष मला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स यांची वाटते, कारण ते बोलणे ऐकून निकाल देणाऱ्याचे मत आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की मोतीलालजींच्या निवेदनात प्रत्येक वस्तुस्थिती आपापल्या जागी पडत असे, तिच्यावर हवा तेवढाच भर दिलेला असे, आणि त्यांचा आवाज व वागण्यातला गोडवा यांमुळे ऐकणे हा आनंद होई. ज्यांनी दिवाणी अपील चालताना पाहिले आहे त्यांना या प्रशंसेची किंमत कळेल. दस्तऐवजांचे ढीग, तीन पिढ्यांच्या वंशावळी आणि परस्परविरोधी साक्षी यांतून न्यायाधीशाच्या मनात एक सलग हकिकत उभी करणे हे कौशल्य गडगडाटी भाषणापेक्षा फार दुर्मीळ असते.

या कमाईतून अलाहाबादचे आनंदभवन उभे राहिले, 1899 मध्ये युरोपचा प्रवास झाला, आणि परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल बिरादरीने मागितलेले प्रायश्चित्त त्यांनी साफ नाकारले. त्यांच्या ऐश्वर्याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत, त्यांत मी वेळ घालवत नाही.

पिता म्हणून ते नुसते मायाळू नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जवाहरलालांनी आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. पाच-सहा वर्षांचे असताना वडिलांच्या टेबलावर दोन फाउंटन पेन पाहून, दोन्ही एकदम कशाला लागणार, असे समजून त्यांनी एक घेतले. ते सापडल्यावर त्यांना असा मार बसला की अंगाला कित्येक दिवस मलम लावावे लागले. मोतीलालजींचा राग घरात सर्वांना ठाऊक होता आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु त्याच माणसाने 1905 साली मुलाला इंग्लंडमध्ये हॅरोच्या शाळेत ठेवून परतताना आणि परतल्यावर लिहिलेली पत्रे वाचली की ताटातूट त्यांना किती जड गेली हे लपत नाही. एका पत्रात ते मुलाला समजावतात की पैशांची सोय करायची एवढाच प्रश्न असता तर ती आपण वर्षभराच्या मिळकतीतही करू शकलो असतो, पण आपल्याला त्याला खऱ्या अर्थाने माणूस म्हणून घडवायचे आहे, आणि आपण घातलेल्या पायावर त्याने इमारत उभारावी अशी आपली इच्छा आहे. भावना ओसंडत असतानाही मुद्दा मांडण्याची वकिली सवय त्यात दिसते.

मुलगा 1912 मध्ये बॅरिस्टर होऊन परतला आणि वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. त्याचे मन त्यात रमले नाही. 1919 मध्ये खटल्याविना कैदेत ठेवू देणाऱ्या रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी काढलेल्या सत्याग्रह सभेत जाण्याचे जवाहरलालांनी ठरवले, तेव्हा घरात खरा पेच पडला. कायदा मोडून तुरुंगात जाणे ही गोष्ट सनदशीर मार्गाने वाढलेल्या वकिलाला निरर्थक वाटत होती आणि एकुलत्या मुलाने तुरुंगात जावे हे बापाला सोसवत नव्हते. त्याच दिवसांत, मुलाच्या वाट्याला काय येईल हे अजमावण्यासाठी, ते रात्री गुपचूप जमिनीवर झोपून पाहत होते, हे जवाहरलालांना नंतर समजले. मोतीलालजींच्या बोलावण्यावरून गांधीजी अलाहाबादला आले, त्यांनी वडिलांशी दीर्घ चर्चा केली आणि मुलाला घाई करू नकोस, वडिलांना दुखावू नकोस असा सल्ला दिला.

पुढे जालियनवाला बागेने तो वाद मिटवला. लष्करी कायद्याखाली शिक्षा झालेल्यांच्या बाजूने धडपडण्यासाठी मोतीलालजी पंजाबात गेले आणि तिथे जे ऐकले-पाहिले त्याने ब्रिटिश न्यायावरचा त्यांचा विश्वास उडाला. सप्टेंबर 1920 मध्ये काँग्रेसच्या कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात जुन्या पिढीतल्या आघाडीच्या नेत्यांपैकी असहकाराच्या बाजूने उभे राहणारे ते जवळजवळ एकटेच होते. साठीला टेकलेल्या वकिलाने भरभराटीची वकिली थांबवली.

डिसेंबर 1921 मधला त्यांच्यावरचा खटला मी अनेकांना सांगत असतो. बेकायदा ठरवलेल्या स्वयंसेवक दलाचे सदस्य असल्याचा आरोप होता आणि पुरावा म्हणून त्यांची हिंदीतली सही पुढे करण्यात आली. ते हिंदीत क्वचितच सही करीत, त्यामुळे ती ओळखणारा साक्षीदार मिळेना. शेवटी आणलेल्या निरक्षर साक्षीदाराने कागद उलटा धरून सही ओळखल्याची शपथ घेतली. अशा साक्षीची उलटतपासणी करायला मोतीलालजींना किती वेळ लागला असता! पण असहकार म्हणजे न्यायालयातही बचाव न करणे, म्हणून ते गप्प राहिले. चार वर्षांची नात इंदिरा त्या संपूर्ण वेळात आजोबांच्या कडेवर होती. सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि लखनौच्या तुरुंगात बाप-लेक एकत्र राहिले.

येथून पुढे ते मुलाचे अनुयायी झाले, असे मात्र समजू नये. 1923 मध्ये चित्तरंजन दासांबरोबर त्यांनी स्वराज्य पक्ष काढला, तो कायदेमंडळात जाऊन लढण्यासाठी, आणि जवाहरलालांना तो मार्ग पसंत नव्हता. 1928 चा नेहरू अहवाल हे तर माझ्या मते त्यांच्या वकिलीचे सर्वोत्तम फळ आहे. तेजबहादूर सप्रू, आपल्या यवतमाळचे माधव श्रीहरी अणे, सुभाषचंद्र बोस अशा मंडळींच्या समितीने भारतीयांनी स्वतः लिहिलेल्या राज्यघटनेचा आराखडा दिला आणि त्यात मूलभूत हक्कांची स्पष्ट यादी घातली. अहवालात वसाहतीच्या स्वराज्याची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहून स्वशासनाची, मागणी होती, मुलाला संपूर्ण स्वातंत्र्य हवे होते. डिसेंबर 1928 मध्ये काँग्रेसच्या कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष वडील होते आणि विरोधकांत मुलगा होता. एक वर्षाची मुदत देण्याची तडजोड झाली, ती संपली आणि डिसेंबर 1929 मध्ये लाहोरला अध्यक्षपद वडिलांकडून मुलाकडे गेले.

या संक्रमणाला घराणेशाही म्हणणारे आहेत आणि तो आक्षेप मी उडवून लावत नाही, कारण मुलाला अध्यक्ष करावे असे मोतीलालजींनी 1928 मध्येच गांधीजींना सुचवले होते. पण त्याच पत्रात त्यांनी पहिले नाव वल्लभभाई पटेलांचे घेतले होते, कारण पटेलांच्या नेतृत्वाखालचा बारडोलीच्या शेतकऱ्यांचा लढा तेव्हा ऐन भरात होता. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच निर्णय करावा.

1930 मध्ये त्यांनी जुने आनंदभवन काँग्रेसला दिले, त्याचे स्वराज्यभवन झाले. त्याच वर्षी नैनीच्या तुरुंगात ते पुन्हा मुलाजवळ होते. दम्याने पोखरलेली प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना सोडण्यात आले आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी लखनौला ते गेले. जवाहरलालांची सुटका त्याआधी थोडेच दिवस, 26 जानेवारीला, झाली होती.

आपल्याला स्वतः मत बनवायचे असेल, तर चरित्रांच्या आधी 1905 ते 1912 मधली पिता-पुत्रांची पत्रे वाचा आणि लगोलग नेहरू अहवालातील मूलभूत हक्कांचा भाग काढून आपल्या संविधानाच्या तिसऱ्या भागाशी ताडून पाहा.