सुटणं, सुटी आणि मासा

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे वडील रविवारची उपासना आटोपली की मलप्रभेवर गळ टाकून बसतात. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अंकासाठी त्यांनी साक्ष लिहून दिली : ‘पाण्याकाठी बसलो की ख्रिस्तात सुटल्यासारखं वाटतं, शांती मिळते.’ संपादकांनी त्याचं ‘मुक्तीचा अनुभव येतो’ करून टाकलं. ताई विचारतात, ‘सुटणं’ हा शब्द हलका आहे का?

मुळीच नाही. हल्ली कुणी यळ्ळूरचा गड चढून आला की त्याला मुक्तीचा अनुभव, सायकल फिरवून आला की मुक्तीचा अनुभव. कान किटले ऐकून! मराठी बायबलातली मुक्ती खंडणी भरून मिळालेली आहे, ती वधस्तंभावरची गोष्ट. गळाला गांडूळ लावून ती मिळत नाही, आणि ताईंच्या वडिलांनी तसं म्हटलेलंही नाही. जे आधीच मिळालंय ते नदीकाठी अंगाला जाणवतं, एवढंच त्यांचं म्हणणं. संपादकांनी भाषा सुधारायला जाऊन धर्मशास्त्र बिघडवलं. ‘शांती’ला त्यांनी हात लावला नाही, हे नशीब.

‘सुटणं’ तुरुंगाची आठवण करून देतं, असा एक आक्षेप असतो. देऊ दे की! बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातूनच सुटला, आणि तो मूळचा मासे धरणाराच.

आता खरी गंमत. प्राकृतात ‘छुट्टइ’ होतं. हिंदीनं त्याचं ‘छूटना’ केलं, मराठीनं ‘सुटणे’. जुना छ आपल्या जिभेवर टिकत नाही, त्याचा स होतो. हिंदीत छाल, आपली साल. तिकडे छुरी, इकडे सुरी. आणि संस्कृत मत्स्य, प्राकृत मच्छ, हिंदीत मछली, तर आपल्याकडे मासा! म्हणजे ‘मासा सुटला’ असं कुणी हळहळत म्हणतो, तेव्हा त्या दोन शब्दांत एकच ध्वनिनियम दोनदा बोलतो.

म्हणूनच ‘सुट्टी हा हिंदीतून आलेला शब्द’ असं ठोकून देणाऱ्यांचा मला राग येतो. जोड ट हिंदीच्या वाऱ्यानं आला असेल तर असो. पण तो स कुठून आणला म्हणे हिंदीतून? सुटी ही सुटण्याचीच लेक आहे. शाळा सुटते, मग सुटी लागते.

परका शब्द हवाच असेल तर ‘रजा’ घ्या. मूळ अरबी, फारसीतून आलेला; अर्थ मर्जी, संमती. त्यामुळे रजेचा अर्ज करावा लागतो, ती साहेबानं मंजूर करावी लागते. सुटीचा अर्ज कुणी करत नाही. ‘मोकळीक’ही थोडी रजेच्याच बाजूची, कुणीतरी दिलेली. कन्नडनं हे दोन्ही शब्द घेतले : बेंगळुरात ‘रजे’, पण आपल्या बेळगाव-धारवाडकडे ‘सूटी’. इथल्या कन्नड पोरांनी मराठी शब्द उचलला तो ऊ लांबवून, आणि त्या लांबलेल्या ऊमध्ये मला तरी जास्तच आराम ऐकू येतो. (गळाचाही स्वर कन्नडात लांबतो, पण तिथं आराम नाही, घोटाळा : गळाला ते ‘गाळ’ म्हणतात. आपल्या नदीतल्या गाळाशी त्याची गल्लत करू नका; मलप्रभेवर दोन्ही भाषांचे लोक शेजारी गळ टाकून बसतात, तेव्हा ती होतेच.)

रजा आणि सुटी यांतला हा फरक ज्याला नीट बघायचाय त्यानं बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १७ वा अध्याय काढावा. मंदिराच्या करावरून बोलणं चाललंय. येशू पेत्राला विचारतो, राजे कर कुणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून. म्हणजे मुलं मोकळी. त्यांना अर्ज नाही, मंजुरी नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात तो पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगतो : पहिल्या माशाच्या तोंडात नाणं सापडेल, ते दोघांचा कर म्हणून दे. चारही शुभवर्तमानांत एरवी सगळी जाळी. गळ आहे तो एवढ्या एकाच ठिकाणी, आणि तोही मोकळेपणाच्या शेजारी. ताई, हे संपादकांना जरूर दाखवा.

‘सुटे’ पैसेही याच घरचे, बांधलेल्यातून सुटलेले. पेत्राला त्यांची गरज पडली नाही : माशाच्या तोंडातलं नाणं दोघांच्या कराइतकं बरोब्बर निघालं.