‘बँकरप्ट’ म्हणजे नेमकं काय? इटलीत सराफाचं बाकडं मोडायचे, त्यावरून हा शब्द आला हे खरं आहे का?

बाकडं खरं, मोडण्याची गोष्ट मला पटत नाही.

इटालियनमध्ये बांका म्हणजे बाक. बाजारात सराफ नाणी मांडून बसायचे ते. ‘बँक’ही त्यातूनच आला. रोत्ता म्हणजे मोडलेली. हे ‘बांका रोत्ता’ सोळाव्या शतकात इंग्रजीत रुजलं आणि ‘मोडलेलं’ या अर्थाच्या लॅटिन ‘रुप्टस’च्या वळणावर त्याचं स्पेलिंग बसलं. इंग्लंडात १५४२मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात, त्यावर कायदाही झाला. पण संसार मोडला म्हणताना आपण कुठे हातोडा घेतलेला असतो? तसंच ते.

अब्रू काढायची रीत मात्र खरी होती. फ्लॉरेन्सच्या ‘नवा बाजार’ (मेर्काटो नुओव्हो) नावाच्या मंडपात फरशीत बसवलेली एक गोल संगमरवरी चकती आजही आहे. देणं बुडवणाऱ्याला तिथे आणून, कपडे उतरवून, सगळ्यांदेखत दगडावर आपटायचे. त्याच शहरातल्या बार्दी आणि पेरुझ्झी या बलाढ्य पेढ्या १३४०च्या दशकात बसल्या. इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या एडवर्डला, दिलेलं कर्ज परत आलं नाही हे त्याचं एक कारण. राजाला त्या दगडावर कोण आणणार?

हे मी इतकं का वाचलं, तर माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी भुसार दुकान होतं. १९७२च्या दुष्काळात गिऱ्हाइकं खडी फोडायला गेली, उधारी तशीच राहिली, आणि आडते वसुलीला ओट्यावर येऊन बसू लागले. वकिलानं सांगितलं, नादारीचा, म्हणजे देणं फेडता येत नाही असं कोर्टाला सांगण्याचा, अर्ज करा, १९२०चा कायदा त्यासाठीच आहे. बाबांनी केला नाही. आईच्या पाटल्या गेल्या, अर्धं घर गेलं, आणि बाबा दुसऱ्याच्या दुकानात दिवाणजी म्हणून बसले. त्यांची लाल कापडी चोपडी माझ्याकडे आहे. प्रत्येक आडत्याच्या नावापुढे निळ्या शाईत रक्कम, खाली तिरकी रेघ आणि ‘चुकते’. शेवटच्या नावापर्यंत. गिऱ्हाइकांकडच्या येण्याची पानं मात्र कोरी सोडल्यासारखी आहेत; ती वसुली त्यांनी कधी केलीच नाही.

तरी माझे एक काका आजही लग्नकार्यात चार माणसांत म्हणतात, “दादानं दिवाळं काढलं.” काढलं नाही. दुकान बंद केलं आणि पै न पै फेडली. बँकरप्ट म्हणजे ज्याला देणं फेडता येत नाही असं कोर्टानं ठरवलंय तो. हा हुकूम असतो, शिवी नव्हे. बाबांनी अर्ज केला असता तरी मी त्यांना खाली मान घालू दिली नसती.

‘दिवाळखोर’ या मराठी शब्दावर माझा रागच आहे. भांडखोर, लाचखोर यांच्या रांगेत तो बसतो, जणू त्या माणसाला बुडायची सवयच होती. कायद्याच्या मराठीत ‘नादार’ हा सरळ शब्द आहे. ज्याच्याकडे नाही, तो. शाळेत फीमाफीला नादारीच म्हणायचे. मला ती होती आणि तिची मला कधी लाज वाटली नाही.

आता हेही खरं की लोकांच्या ठेवी गिळून, मालमत्ता बायकोच्या नावावर करून हात वर करणारे आहेत. त्यांना हवं ते म्हणा, त्यांच्यासाठी मी भांडत नाही.

राहिला वापर. खिशात पैसे नाहीत एवढंच सांगायचं तर इंग्रजीत ‘ब्रोक’ म्हणतात. आणि आपल्या २०१६च्या ‘इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड’ या संहितेत ‘बँकरप्ट’ हा शब्द व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे. कंपनी फेडू शकली नाही तर तिची इन्सॉल्व्हन्सी, म्हणजे नादारीची कारवाई, होते आणि तोडगा निघाला नाही तर लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणं. बातमीत काहीही छापोत, तुम्ही लिहिताना एवढा फरक ठेवा.