४२ मुलं आणि एक ट्रे

प्रश्न : ताई, माझी मुलगी तिसरीत आहे. वाढदिवसाला वर्गात घरी केलेलंच काहीतरी गोड न्यायचं, असा तिचा हट्ट आहे. वर्गात ४२ मुलं. माझी नोकरी, त्यामुळे आदल्या रात्री जेमतेम दोन तास हातात. बाईंना विचारलं तेव्हा कळलं, की एका मुलाला अंडं चालत नाही आणि एका मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. सगळ्यांसाठी नेहमीचा केक केला आणि त्या दोघांना वेगळा बिस्किटाचा पुडा दिला, तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण तसं करू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन. मी वीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवलं. एकदा वर्गात असाच केक वाटला गेला आणि अंडं न चालणाऱ्या एका मुलाच्या हातात पुडा आला. त्याने तो फोडलाच नाही. पुड्याची कड नखाने दुमडत बसला आणि शेजारच्याच्या बोटांना लागलेलं क्रीम बघत राहिला. मधली सुट्टी झाली तेव्हा पुडा तसाच बाकावर होता. त्या दिवसापासून विचारायला येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी एकच सांगत आले : पदार्थ साधा असू दे, पण सगळ्यांना तोच मिळू दे.

आणि तुमच्या बाबतीत ते मुळीच अवघड नाही. अंडं, दूध, लोणी यांतलं काहीही न घालता उत्तम चॉकलेट केक होतो, त्यात फेटणं नाही की काही नाही. मापाचा २४० मिलीचा कप घ्या. ३ कप मैदा, २ कप साखर, अर्धा कप कोको पावडर, २ छोटे चमचे खाण्याचा सोडा आणि १ छोटा चमचा मीठ एकत्र चाळून घ्या. कोकोच्या गुठळ्या चाळणीतच मोडा, नंतर त्या काही केल्या मोडत नाहीत. दुसऱ्या भांड्यात २ कप पाणी, पाऊण कपाला थोडं कमी बिनवासाचं तेल, २ मोठे चमचे व्हिनेगर आणि २ छोटे चमचे व्हॅनिला इसेन्स. ओव्हन आधी १८० अंशांवर तापवून ठेवा आणि ट्रेला बटर पेपर लावून तयार ठेवा, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. अंडं नसल्यामुळे हा केक फुगतो तो निव्वळ सोडा आणि व्हिनेगरच्या जोरावर. दोन्ही एकत्र आले की लगेच बुडबुडे सुटतात. मिश्रण ओट्यावर दहा मिनिटं राहिलं, तर ते बुडबुडे तिथेच विरून जातात आणि केक दडस होतो. पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा, की लगेच ओव्हनमध्ये. ३० ते ३५ मिनिटांत होतो. मधोमध टूथपिक खुपसून बघा, कोरडी निघाली पाहिजे.

ट्रे साधारण ३३ बाय २३ सेंटीमीटरचा आणि ५ सेंटीमीटर खोल घ्या. त्याचे लांबीला आठ आणि रुंदीला सहा असे भाग केले, की ४८ तुकडे निघतात, प्रत्येकी जेमतेम चार सेंटीमीटरचा. बघताना लहान वाटतो, पण आठ वर्षांच्या मुलाला तो पुरतो आणि दोन घासांत संपतो म्हणून खाली सांडत नाही. वरचे सहा तुकडे बाईंना, मावशींना आणि जो जमिनीवर पडेल त्याच्याऐवजी. एक तरी पडतोच.

रात्री कापू नका. गरम केकचा सुरीखाली भुगा होतो. पूर्ण गार झाला की ट्रेमध्येच झाकून ठेवा. लोण्याऐवजी तेल असल्याने तो सकाळीही मऊच असतो. सकाळी लांब सुरीने कापा, दर दोन कापांनंतर सुरी ओल्या फडक्याने पुसा, कडा स्वच्छ येतात. क्रीम लावण्याच्या फंदात पडू नका. ते मुलांच्या बोटांवरून वह्यांवर जातं. फार तर पिठीसाखर गाळणीतून भुरभुरा, पण तीही सकाळीच. रात्री घातली तर ओल धरून दिसेनाशी होते.

आता ॲलर्जीबद्दल, कारण इथे अंदाजपंचे चालत नाही. कोको आणि इसेन्सच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ‘दुधाचे किंवा सुक्या मेव्याचे अंश असू शकतात’ असं लिहिलेलं असेल, तर दुसरं पाकीट घ्या. भांडी, चाळणी, सुरी सगळं साबणाने धुऊन मग सुरुवात करा, ट्रेला लोणी लावू नका. सगळ्या जिन्नसांची यादी कागदावर लिहून त्या दोन्ही मुलांच्या आईवडिलांना आदल्या दिवशी पोचवा. खायला द्यायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या. त्यांनी नको म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नका. काही मुलांना अगदी कणभरानेही त्रास होतो आणि ती भीती ते रोज जगत असतात. तसं झालं तर केक घरी ठेवा आणि त्या आईलाच विचारा, की तिचं मूल निर्धास्तपणे काय खातं. तेच ४२ जणांसाठी न्या, मग ते एखादं फळ का असेना.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही. पहिलीतल्या तीस-पस्तीस मुलांसाठी काय करता येईल?

उत्तर : चॉकलेट कॉर्नफ्लेक्स. ३०० ग्रॅम चॉकलेट, ७५ ग्रॅम लोणी आणि ४ मोठे चमचे मध एका काचेच्या भांड्यात घ्या, ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. वितळलं की उतरवा, त्यात १५० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स हलक्या हाताने घोळा आणि कागदाच्या छोट्या वाट्यांत एकेक मोठा चमचा घाला. चाळीसच्या आसपास होतात. तासाभरात फ्रिजमध्ये घट्ट होतात.

जपायचं ते पाण्याला. एकदा माझ्या ओल्या चमच्यावरचे दोन-तीन थेंब चॉकलेटमध्ये गेले आणि बघता बघता त्याचा खरबरीत गोळा झाला. चमचा, भांडं, हात, सगळं कोरडं ठक्क हवं. दुसरं म्हणजे, चॉकलेट साधारण ३४ अंशांना वितळतं. दिवस उकाड्याचे असतील आणि डबा दुपारपर्यंत दप्तरात राहणार असेल, तर हा बेत नकोच.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले, तरी बहुतेकांत जवाचं माल्ट असतं. ज्या मुलाला ग्लूटेन चालत नाही, त्याला ते चालणार नाहीत. पाकीट बघूनच घ्या.

प्रश्न : ताज्या अननसाचे तुकडे घालून जेली केली. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पाणीच राहिलं. माझं काय चुकलं?

उत्तर : तुमचं नाही, अननसाचं. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि जिलेटिन हे प्रथिनच. किवी आणि पपईचंही तेच. अननस पाच-सात मिनिटं उकळून घेतला किंवा डबाबंद वापरला, की जेली लागते, कारण उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. पण वर्गासाठी मी जिलेटिन वापरतच नाही. ते प्राण्यांपासून मिळतं, त्यामुळे अनेक घरांत चालत नाही. शिवाय उन्हात ते पुन्हा पातळ होतं. अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून होतं. कपभर रसाला एक सपाट छोटा चमचा पावडर, दोन-तीन मिनिटं नीट उकळायची, की फ्रिजबाहेरही घट्ट राहते. जिलेटिनसारखी लुसलुशीत नाही होत, किंचित कडक लागते, पण चौकोनी वड्या सुंदर पडतात.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाला वर्गासाठी सगळं स्वतःच्या हाताने करायचंय. काय करू देऊ?

उत्तर : केळं आणि ओट्सची बिस्किटं. तीन मोठी, सालीवर काळे ठिपके पडलेली केळी काट्याने कुस्करायची, त्यात दोन कप ओट्स आणि अर्धा कप मनुका. बस, एवढंच. साखर लागत नाही, कारण केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखरच होत जाते. म्हणून केळी चार दिवस आधी आणून ठेवा आणि रोज ठिपके मोजायचं काम त्यालाच द्या. मिश्रण दहा मिनिटं मुरू द्या, ओट्स ओल पितात आणि गोळे नीट वळतात. चपटे करून १८० अंशांवर पंधरा मिनिटं. एका घाण्यात वीस-बावीस होतात, वर्ग मोठा असेल तर माप दुप्पट. कुरकुरीत होत नाहीत, मऊ राहतात, हे त्याला आधीच सांगा, नाहीतर बिघडली म्हणून हिरमुसेल. मोजणं, कुस्करणं, वळणं, डब्यात रचणं सगळं त्याचं. ट्रे ओव्हनमध्ये ठेवायचा आणि काढायचा तेवढा तुम्ही.