बारा गावचं पाणी प्यायलेला कॅचर

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत नववीत शिकतो आणि शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर आहे. त्याच्या टेबलावर एरिक क्रॅट्झ नावाच्या खेळाडूचं कार्ड फ्रेम करून ठेवलेलं दिसलं. 'हा फार मोठा खेळाडू का रे?' म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'नाही आजी, पण हा नऊ टीमकडून खेळलाय.' जावयांनी इंटरनेटवर पाहून सांगितलं की त्याची बॅटिंगची सरासरी .२०९ आहे आणि त्याला सारखं कुणी ना कुणी काढून टाकत असे. आमच्याकडे याला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात. मुलाने असल्या माणसाचा आदर्श ठेवावा का?
— एक आजी, मिरज

उत्तर : ताई, जावयांचा आकडा बरोबर आहे. .२०९ म्हणजे साधारण हजार वेळा बॅट घेऊन उभं राहायचं आणि २०९ वेळा फटक्यावर बेस गाठायचा. तीनशेच्या आसपासचा बॅटर नावाजला जातो, अडीचशेचा खपून जातो, दोनशे नऊच्याला घरी पाठवतात. क्रॅट्झलाही पाठवत असत. पण घरी पाठवलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा फोन कोण करतं, आणि कशासाठी, हे जावयांनी पाहिलं नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी उजवी करंगळी ठाऊक आहे. कांगा लीगमध्ये अकरा पावसाळे मी यष्टींमागे काढले. त्यातल्या एका ओल्या चेंडूने ती वाकवली, ती आजही चहाचा कप धरताना साहेबासारखी बाहेर राहते. १९८६ साली नोकरीसाठी मिलवॉकीला आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात स्टेडियममध्ये बसून मी चेंडूकडे न बघता कॅचरकडे, म्हणजे बेसबॉलच्या यष्टीरक्षकाकडे, बघायला लागलो. तेव्हापासून माझी नजर तिथेच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

क्रॅट्झ पेन्सिल्व्हेनियातल्या टेलफर्डचा, जन्म १९८० चा. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका छोट्या कॉलेजात खेळला. २००२ साली टोरोंटो ब्लू जेजनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, २९व्या फेरीत घेतलं. आता ड्राफ्ट वीसच फेऱ्यांचा असतो, म्हणजे आजचा काळ असता तर त्याचं नावच पुकारलं गेलं नसतं. त्यानंतर सात हंगाम त्यांच्याच मायनर लीगमध्ये. मायनर लीग म्हणजे लहान लहान गावं, रात्र रात्र बसचा प्रवास, आणि वरच्या संघातल्या कुणाचा गुडघा दुखावला तर आपला नंबर लागेल ही आशा. मग तो पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीगमध्ये गेला. १७ जुलै २०१० ला पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उतरला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडच्या बहुतेक कीपरांनी बँकेची परीक्षा देऊन टाकलेली असते. मीही दिली होती.

पुढची दहा वर्षं म्हणजे एस.टी.ची पाटीच. पायरेट्स, फिलीज, ब्लू जेज, रॉयल्स, पुन्हा फिलीज, अॅस्ट्रोज, पुन्हा पायरेट्स, यांकीज, ब्रुअर्स, जायंट्स, रेज, शेवटी पुन्हा यांकीज. नुसते करार झाले आणि मैदानात उतरायला मिळालंच नाही असे संघ वेगळेच. 

आता 'काढून टाकत असे' याबद्दल. या माणसाने एकही नोकरी कंटाळून सोडली नाही. मेजर लीगच्या प्रत्येक संघाची चाळीस जणांची यादी असते. कुणी नवा घ्यायचा झाला की एकाला यादीबाहेर काढतात. त्याला डीएफए म्हणतात. नाव भारदस्त आहे, अर्थ एवढाच की थोड्या दिवसांत संघ तुला दुसऱ्याला देईल, खाली पाठवेल किंवा सोडून देईल. राखीव कॅचर या यादीतला सगळ्यात सोयीचा माणूस. त्याच्यावाचून चालत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी अडूनही बसत नाही. क्रॅट्झ मधल्या काळात अॅस्ट्रोजकडे होता, तेव्हा आणि त्याच वर्षी पायरेट्सकडेही, त्याला चक्क पिचिंग, म्हणजे गोलंदाजी, करायला लावलं. सामना हाताबाहेर गेला की खऱ्या पिचरचा खांदा कशाला झिजवायचा! हा गडी तिथे उभा राहून नकलबॉल, म्हणजे न फिरता डुलत येणारा हळू चेंडू, टाकत होता. लग्नात आचारी आला नाही तर भात ढवळायला उभा राहणारा मामा असतो ना, तसा.

मी त्याला प्रत्यक्ष पाहिला २०१८ च्या उन्हाळ्यात. मे महिन्यात यांकीजनी त्याला आमच्या मिलवॉकीच्या ब्रुअर्सकडे दिलं, तोपर्यंत तो त्यांच्या मायनर लीगमध्येच खेळत होता. माझ्या मुलीने होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागची तिकिटं काढली होती. एरवी मी वरच बसतो, खिशाला परवडतं तिथे. तिसऱ्या इनिंगमध्ये एक चेंडू गुडघ्याच्या जरा खाली आला, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा. बाकीचे कॅचर अशा चेंडूवर मिट, म्हणजे हातमोजा, खाली मारतात, चेंडू आणखी बुडतो आणि अंपायर 'बॉल' देतो, आपल्या वाइडसारखा. याचं मिट आधीच जमिनीजवळ होतं. ते खालून वर आलं, चेंडू घेऊन गुडघ्यापाशी थांबलं आणि थांबूनच राहिलं. जणू पहिल्यापासून तिथेच होतं. अंपायरचा उजवा हात वर गेला, स्ट्राइक, म्हणजे चेंडू योग्य. पिचर मान खाली घालून गालात हसला. बाजूचा माणूस हॉटडॉगवर मोहरी पिळत होता, त्याला काही दिसलं नाही. फळ्यावर क्रॅट्झच्या नावावर काही चढलं नाही. पण तो स्ट्राइक पिचरचा नव्हता, त्याचा होता.

याला फ्रेमिंग म्हणतात. नातवाला मात्र हेही सांगा की २०२६ पासून मेजर लीगमध्ये आपल्या डीआरएससारखी दाद मागायची सोय केली आहे, तेव्हा अंपायरला अशी टोपी घालणं अवघड होईल. मला वैयक्तिक याचं दुःख आहे. चांगलं मिट हे मला अजून चोरी वाटत नाही, वकिली वाटते.

त्या वर्षी ब्रुअर्स प्लेऑफमध्ये पोहोचले. कोलोरॅडो रॉकीजविरुद्धच्या मालिकेत अडतिसाव्या वर्षी क्रॅट्झ आयुष्यात पहिल्यांदा प्लेऑफचा सामना खेळला आणि आठ वेळा बॅट घेऊन उभा राहिला त्यात पाच हिट मारल्या. .२०९ वाला! रॉकीजना तीनही सामन्यांत हरवलं. पुढच्या फेरीत डॉजर्सनी सातव्या सामन्यात आम्हाला घरी पाठवलं, त्यावर मला बोलायचं नाही. आणि पुढच्या मार्चमध्ये ब्रुअर्सनी त्याला जायंट्सकडे देऊन टाकलं.

मग फोन का येत होते? पिचर हा फार हळवा प्राणी असतो. त्याला काय टाकायचं ते कॅचर सुचवतो. तो चिडला तर चालत जाऊन त्याच्याशी बोलायचं, घाबरला तर काहीतरी फालतू विनोद करायचा. दर संघात बारा-तेरा पिचर. प्रत्येकाचा चेंडू वेगळा वळतो, प्रत्येकाचा रागही. नव्या संघात आल्यावर आठवड्याभरात हे सगळं पाठ करणारा माणूस मोलाचा असतो. क्रॅट्झने त्यासाठी स्पॅनिश शिकून घेतलं, कारण पिचरांमधली बरीच पोरं डॉमिनिकन नाहीतर व्हेनेझुएलाची, घरापासून हजारो मैल लांब, सतरा-अठराव्या वर्षी आलेली. २०२० मध्ये यांकीजकडून देवी गार्सिया हा एकवीस वर्षांचा डॉमिनिकन पिचर पहिला सामना खेळला, तेव्हा प्लेटमागे चाळिशीतला क्रॅट्झ बसला होता. या पोरांबद्दल पत्रकारांशी बोलताना त्याचा गळा दाटून आला. त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला.

पैशांचंही सांगतो, कारण मिरजेहून पुढचं पत्र त्यावर येणार. क्रॅट्झ आला त्या २०१० साली मेजर लीगमधला किमान पगार वर्षाला चार लाख डॉलर होता, म्हणजे हंगामाच्या दिवसाला सुमारे २,१९० डॉलर. त्याच्या एकच पायरी खाली, ट्रिपल-ए मध्ये, पुढे कितीतरी वर्षं किमान पगार महिन्याला २,१५० डॉलर असायचा, तोही फक्त हंगामापुरता. मुरलेले खेळाडू घासाघीस करून जास्त मिळवत, पण वरचा एक दिवस म्हणजे खालचा एक महिना, हा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात असायचा. शिवाय मेजर लीगमध्ये त्रेचाळीस दिवस भरले की थोडंसं का होईना, पेन्शन लागू होतं. लोक बॅग भरून का बसलेले असतात ते यावरून कळेल.

तेव्हा ताई, कार्ड राहू द्या टेबलावर. फक्त नातवाला विचारा, स्पॅनिश शिकतोयस का?

प्रश्न : मी कॉलेजच्या क्रिकेट संघाचा विकेटकीपर आहे. आमच्याकडे बेसबॉलचा संघ निघतोय आणि सर म्हणतात, तू आपोआप कॅचर. हे इतकं सोपं आहे का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : सर भले आहेत, पण नाही. तुला दोन सवयी मोडाव्या लागतील. पहिली, उजवा हात. मिट एकाच हातात असतं, दुसरा हात उघडा. चेंडू बॅटला चाटून आला आणि तो हात मिटजवळ असला तर तुझी करंगळी माझ्यासारखी होईल. तो घोट्यामागे किंवा पाठीमागे लपव. दुसरी सवय जास्त अवघड आहे. टप्पा पडून आलेला चेंडू पकडायला जाऊ नकोस. गुडघ्यांवर पड, हनुवटी छातीला लाव, खांदे पुढे आण आणि चेंडू छातीवर घे, तो समोर मातीत मेला पाहिजे. मी चाळिशीत इथल्या हौशी संघात एकदा हे करायला गेलो. आयुष्यभर 'पकड, पकड' ऐकलेले हात ऐकेनात. चेंडू मिटच्या कडेला लागून मागच्या जाळीत गेला आणि दोन धावा गेल्या. पहिला महिना मिट न घालता, टेनिसच्या चेंडूवर फक्त छातीने अडवायचा सराव कर. आणि सेंटर गार्ड स्वतःचा विकत घे, उसना घेऊ नकोस.

प्रश्न : जुलैमध्ये मुलीकडे मिलवॉकीला येतोय. बेसबॉलमधलं आम्हाला काही कळत नाही. स्टेडियमला जावं का?
— एक दांपत्य, पुणे

उत्तर : जरूर जा, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, ४२२ नंबरच्या विभागात अगदी शेवटच्या रांगेत जा. तिथे बॉब युकर बसलाय, ब्राँझचा. हा मिलवॉकीचाच पोरगा, १९६२ ते ६७ मध्ये राखीव कॅचर, सरासरी बरोब्बर .२००. १९६७ साली त्याने सत्तावीस चेंडू हातून सोडले, लीगमध्ये सर्वाधिक, कारण बराच काळ तो एका नकलबॉलवाल्या पिचरपुढे बसत होता. नकलबॉल कसा पकडावा असं विचारलं तर सांगायचा, घरंगळायचा थांबला की उचलायचा! १९७१ पासून २०२४ पर्यंत त्याने रेडिओवर ब्रुअर्सचं समालोचन केलं. मी गॅरेजमध्ये गाडीखाली पडून इंग्रजी शिकलो ते त्याच्याकडून. २०२५ च्या जानेवारीत तो गेला. पुतळ्याने हात बाजूच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकलाय, तिथे बसून फोटो काढा. तिथून मैदान धड दिसत नाही, मध्ये खांब येतो. छप्पर उघडं असलं तर स्वेटर ठेवा, जुलै असला तरी.