स्टीम इंजिन ते स्मार्ट फॅक्टरी हा प्रवास कसा झाला? इंडस्ट्री ४.० मध्ये खरंच काही नवीन आहे का?

मी मशीन मेंटेनन्समध्ये आहे त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा. वाफ, वीज, कॉम्प्युटर, इंटरनेट असा औद्योगिक क्रांतीच्या चार टप्प्यांचा तक्ता सगळीकडे मिळतो (त्यातला चौथा म्हणजे इंडस्ट्री ४.०), पण तो वाचून वाटतं की नवीन यंत्र आलं आणि लगेच कारखाना बदलला. प्रत्यक्षात यंत्र आधी येतं, कारखाना बऱ्याच उशिरा बदलतो.

थॉमस न्यूकोमनचं वाफेचं इंजिन १७१२ चं, पण ते खाणीतलं पाणी उपसायचं आणि कोळसा इतका खायचं की खाणीबाहेर सहसा परवडायचं नाही. १७६९ मध्ये जेम्स वॉटने वेगळ्या कंडेन्सरचं (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागाचं) पेटंट घेतलं, म्हणजे दर फेरीला सिलिंडर थंड करून परत तापवायची भानगड गेली, आणि १७८० च्या दशकात त्याची इंजिनं चाक फिरवायला लागली तेव्हा कुठे गिरण्यांना नदीकाठ सोडता आला.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. वाफेच्या कारखान्यात इंजिन एकच. त्याच्यावर छताखालून जाणारा लांबलचक लाइन शाफ्ट फिरायचा, शाफ्टवर पुल्या आणि पुलीवरून चामड्याचा पट्टा खाली मशीनपर्यंत. एकच मशीन चालवायचं असलं तरी अख्खा शाफ्ट फिरवायचा, आणि मशीन कुठे ठेवायचं ते कामाच्या क्रमावर नाही तर शाफ्टवर ठरायचं. मग विजेच्या मोटारी आल्या, तर बऱ्याच मालकांनी काय केलं, इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली आणि शाफ्ट-पट्टे तसेच ठेवले! एडिसनचं पर्ल स्ट्रीट पॉवर स्टेशन १८८२ चं, पण अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेचा मोठा फायदा दिसला तो १९२० च्या दशकात, प्रत्येक मशीनला स्वतःची मोटार मिळून मांडणी बदलली तेव्हा. मधल्या काळात फोर्डने १९१३ मध्ये हायलँड पार्कला चालती असेंब्ली लाइन सुरू केली आणि जी चासी (गाडीचा सांगाडा) जोडायला साडेबारा तास लागायचे ती साधारण दीड तासात व्हायला लागली.

पुढचा टप्पा पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या, प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा. त्याआधी कंट्रोल पॅनलमध्ये रिलेच रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच), गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपटून नव्याने करा. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये याला पर्याय मागितला आणि त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून प्रोग्राम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच ठेवला, तेच लॅडर लॉजिक आम्ही आजही रोज बघतो.

इंडस्ट्री ४.० हे नाव २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात पुढे आलं. नवीन काय, तर मशीनचा डेटा मशीनपाशीच न राहता प्लॅनिंग, स्टोअर, मेंटेनन्स सगळीकडे पोचतो. बेअरिंगच्या रेसला (ज्या कड्यावर बॉल फिरतात त्याला) बारीक तडा गेला की दर वेळी बॉल त्यावरून जाताना ठोका बसतो, त्या ठोक्यांची फ्रिक्वेन्सी बेअरिंगच्या मापांवरून आणि आरपीएमवरून (मिनिटाला किती फेरे त्यावरून) काढता येते, त्यामुळे हाताला काही जाणवायच्या कितीतरी आधी व्हायब्रेशन सेन्सरला ते कळतं.

पण बऱ्याच ठिकाणी सेन्सर बसतात, भिंतीवर डॅशबोर्ड लागतो आणि बेअरिंग मात्र जुन्या तारखेप्रमाणेच बदललं जातं, म्हणजे परत तेच, मोटार नवी आणि शाफ्ट जुना. त्यामुळे कोणी फॅक्टरी स्मार्ट आहे म्हणालं तर सेन्सर किती ते विचारू नका, अलर्ट आल्यावर दुरुस्तीची वर्क ऑर्डर निघते का, ती कोणाकडे जाते आणि ते बेअरिंग तोवर स्टोअरमध्ये आलेलं असतं का, हे विचारा.