घरची फायबर जोडणी : वाचकांचे प्रश्न

घरगुती फायबरविषयी आलेल्या पत्रांतील तक्रारी प्रामुख्याने दोन आहेत : जोडणी वेळेवर मिळत नाही आणि मिळाल्यावर ती अपेक्षेप्रमाणे चालत नाही. या दोन्हींचे कारण बहुधा आपण निवडलेल्या योजनेत नसते. खांबावरच्या पेटीपासून घरातल्या भिंतीपर्यंतच्या शेवटच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये ते सापडते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे खालील उत्तरांत त्या टप्प्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

प्रश्न : वाघोलीतील नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर लगेच अर्ज केला आणि पैसेही भरले. तीन आठवडे झाले, तरी ‘उद्या माणूस येईल’ एवढेच उत्तर मिळते. शेजारच्या इमारतीत त्याच कंपनीची जोडणी आहे. मग आम्हालाच का मिळत नाही?

शेजारच्या इमारतीत फायबर आहे म्हणून ते आपल्यालाही लगेच मिळेल असे नसते, कारण मध्ये स्प्लिटर असतो. आपल्याकडची घरगुती जोडणी बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची असते. कंपनीच्या केंद्रातील ओएलटी या यंत्रातून निघालेला एकच काचतंतू वाटेत स्प्लिटरने विभागून साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो आणि त्यावरची सुमारे अडीच गिगाबिट डाउनलोडची व सव्वा गिगाबिट अपलोडची क्षमता ती सगळी घरे वाटून घेतात. जिन्याखाली किंवा खांबावर दिसणाऱ्या छोट्या पेटीत आठ किंवा सोळा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, असतात. ते भरले की नवा स्प्लिटर बसवल्याशिवाय पुढच्या ग्राहकाला जोडणी देता येत नाही. संकेतस्थळावर पिनकोड टाकल्यावर ‘सेवा उपलब्ध’ असे दिसते, ते त्या परिसरापुरते असते. आपल्या पेटीत पोर्ट रिकामा आहे की नाही, हे लाइनमन पेटी उघडून पाहतो तेव्हाच कळते.

विलंबाचे दुसरे कारण परवानगीचे असते. इमारतीत केबल आणण्यासाठी सोसायटीची संमती लागते आणि रस्ता ओलांडायचा असेल तर महापालिकेची. पावसाळ्यात रस्ते खोदायला महापालिका सहसा परवानगी देत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये अडकलेले खोदकाम दसऱ्यापर्यंत लांबू शकते. ‘मार्गाधिकार’ अर्थात राइट ऑफ वे यासंबंधीचे नवे केंद्रीय नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले असून त्यांमुळे परवानग्यांचे अर्ज ऑनलाइन आणि मुदतबद्ध झाले आहेत, पण खड्डा खणणारा ठेकेदार आणि वॉर्डातील अधिकारी यांचा मेळ बसायला वेळ लागतोच.

म्हणून फोनवर ‘कधी येणार’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘उद्या’ हेच असते. काम कोणत्या टप्प्यावर अडले आहे ते विचारावे. जागेची पाहणी झाली का, पेटीत पोर्ट आहे का, परवानगी कोणाची बाकी आहे, हे विचारून उत्तर एसएमएस किंवा ईमेलवर मागावे. पोर्ट नसल्याचे सांगितले तर तो वाढवण्याची तारीख मागावी. तीही मिळत नसेल तर पैसे परत घेऊन दुसरा पुरवठादार शोधणे शहाणपणाचे आहे. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक जपून ठेवावा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तेथेही दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मोफत सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणखी एक सावधगिरी. फायबरला उशीर होत आहे असे दिसले की काही विक्रेते गच्चीवर अँटेना लावून मोबाइल नेटवर्कवर चालणारी वायरलेस जोडणी पुढे करतात. तात्पुरती गरज भागवायला ती वाईट नाही, पण ते फायबर नव्हे आणि टॉवरवरची गर्दी वाढली की तिचा वेग उतरतो. कागदावर सही करण्यापूर्वी घरात काचतंतू येणार आहे की नाही, एवढे स्पष्ट विचारून घ्यावे.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या सोसायटीने बाहेरच्या भिंतीवरून केबल सोडायला मनाई केली आहे आणि डक्टमध्ये (इमारतीतून तारा नेण्याच्या पोकळीत) जागा नाही असे सांगतात. काय करावे?

भिंतीवर लोंबणाऱ्या केबलींना समितीने केलेला विरोध मला रास्त वाटतो, कारण त्या केबली सैल होतात, उन्हात कडक पडतात आणि कोणाची कोणती हे काही वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. डक्ट मात्र बहुधा खरोखर भरलेला नसतो. बंद पडलेल्या जुन्या केबल टीव्हीच्या आणि टेलिफोनच्या तारांनी तो अडलेला असतो. त्या तारा काढून घेण्याची नोटीस संबंधितांना देण्याची विनंती समितीकडे लेखी करावी. घरात येणारी फायबरची ड्रॉप केबल अवघी काही मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे थोडी जागा झाली तरी पुरते. चार-पाच कुटुंबांनी एकत्र अर्ज केला तर पुरवठादार इमारतीतच स्प्लिटरची पेटी बसवायला सहसा तयार होतो आणि मग प्रत्येकासाठी रस्त्यावरून वेगळी केबल आणावी लागत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये पुढच्या आठवड्यात आमच्याकडे जोडणी बसवायला येणार आहेत. मी घरून काम करते. त्या दिवशी नेमके काय पाहावे?

हा प्रश्न आधीच विचारलात हे फार चांगले केलेत, कारण जोडणी पुढची काही वर्षे कशी चालणार हे बहुतांशी त्या एका दिवशी ठरते. बसवणाऱ्या मुलाला दिवसभरात आणखी बरीच घरे उरकायची असतात. आपण काही विचारले नाही तर दारातून आत येताच पहिल्या प्लगजवळ ओएनटी (काचतंतू ज्याला जोडतात ते घरातले यंत्र) ठोकून तो निघून जातो.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे प्रकाशाची पातळी. केबल घरात आल्यावर तिचे टोक पॉवर मीटरला लावून १४९० नॅनोमीटर तरंगलांबीवर किती प्रकाश येतो ते मोजतात. हे माप डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककात असते आणि आकडा उणे येतो. उणे १५ ते उणे २३ च्या दरम्यान आकडा असेल तर निश्चिंत राहावे. उणे २५ च्या पुढे गेला तर आज जोडणी चालेल, पण पुढे कोठे सांधा किंचित सैल झाला की बंद पडेल. उणे २७ ही साधारणपणे ओएनटीची शेवटची मर्यादा. दर ३ डीबी कमी होणे म्हणजे प्रकाश निम्मा होणे, हे लक्षात घेतले तर उणे २० आणि उणे २६ यांतला फरक किती मोठा आहे ते कळेल. बत्तीस वाटांच्या स्प्लिटरमध्येच सुमारे १७ डीबी खर्ची पडतात; त्यानंतर प्रत्येक सैल जोड आणि प्रत्येक तीव्र वळण उरलेल्यातून घेत जाते. मीटरचा आकडा दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे बिघाड झाल्यावर ‘आमच्याकडून सगळे ठीक आहे’ असे कोणी म्हणाले तर तुलनेसाठी तो फोटो उपयोगी पडतो.

आता टोकाच्या जोडाकडे पाहा. केबलचे टोक दोन प्रकारे तयार करतात : यंत्राने वितळवून केलेले स्प्लाइसिंग किंवा हाताने बसवायचा फास्ट कनेक्टर. दुसरा प्रकार पटकन होतो, पण त्यात तंतू काटकोनात आणि स्वच्छ कापलेला नसेल तर प्रकाश वाया जातो आणि कालांतराने तो सैलही पडतो. स्प्लाइसिंग यंत्र त्यांच्याकडे असेल तर तेच वापरण्याचा आग्रह धरावा. हिरवा कनेक्टर आणि निळा कनेक्टर एकमेकांत कधीही घालू देऊ नये. हिरव्याचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, त्यामुळे ते निळ्याला नीट टेकत नाही. कनेक्टर लावण्यापूर्वी तो अल्कोहोलने पुसला जातो की नाही, हेही पाहावे. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो सुमारे ९ मायक्रॉनचा असतो; बोट लागलेले टोक तसेच खुपसले तर पुढच्या सगळ्या काळजीवर पाणी पडते. उघड्या टोकाकडे डोळे लावून पाहू नका आणि मुलांनाही पाहू देऊ नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो लेसरचा असतो.

केबल दाराच्या फटीतून किंवा खिडकीच्या सरकत्या झडपेखालून आणू देऊ नये. भिंतीला बाहेरच्या बाजूस किंचित उतरते छिद्र पाडून घ्यावे, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत ओघळणार नाही. कोपऱ्यात केबल काटकोनात दाबून क्लिप ठोकू नये. वळण गोलसर असावे आणि ओएनटीपाशी दोन-तीन मीटर जास्तीची केबल गुंडाळून ठेवावी. पुढे टोक तुटले तर तेवढ्याच केबलवर नवे टोक करता येते.

ओएनटीवरचा पॉनचा दिवा स्थिर झाला म्हणजे यंत्राची केंद्रात नोंद झाली. तो लुकलुकत असेल तर नोंदणी अजून बाकी आहे. ‘संध्याकाळपर्यंत सुरू होईल’ असे सांगून ते निघाले तर पूर्तता-पत्रावर सही करू नका आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नका. त्या ओटीपीने काम पूर्ण झाल्याची नोंद होते आणि आपली मूळ मागणी त्यांच्या यादीतून निघून जाते.

प्रश्न : नागपूरला आम्ही २०० एमबीपीएसची योजना घेतली आहे. दिवाणखान्यात ९४ आणि आतल्या खोलीत जेमतेम ३० मिळतात. कंपनी फसवत आहे का?

या दोन आकड्यांची कारणे वेगवेगळी आहेत. ९४ हा आकडा ओळखीचा आहे : शंभर मेगाबिटच्या इथरनेट पोर्टमधून प्रत्यक्षात तेवढेच निघते. म्हणजे ओएनटी आणि राउटर यांपैकी एकाचे पोर्ट शंभरचे आहे किंवा मधल्या केबलच्या चार जोड्यांपैकी दोनच जोड्या जोडल्या आहेत. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची चांगली केबल टाकून आणि राउटरची पोर्ट गिगाबिटची आहेत याची खात्री करून पुन्हा मोजावे. हे मोजमाप लॅपटॉपला थेट केबल जोडूनच करावे. वायफायवरचा आकडा घेऊन कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आतल्या खोलीचा दोष भिंतींचा आहे. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर वेग जास्त मिळतो, पण ती काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे क्षीण होते. मग फोन आपोआप २.४ गिगाहर्ट्झवर जातो आणि तेथे शेजारच्या दहा घरांचीही गर्दी असते. राउटर टीव्हीमागच्या कपाटातून काढून घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर ठेवून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर आतल्या खोलीत दुसरा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे यंत्र) बसवावा आणि तो केबलने जोडावा. आलेले वायफाय पुढे पोहोचवणारे बिनतारी रिपीटर स्वस्त पडतात, पण त्यांपैकी बरेच निम्मा वेग खातात, म्हणून मी ते सुचवत नाही. योजना ५०० ची करून मात्र हा प्रश्न मुळीच सुटणार नाही.

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आई-वडिलांच्या घरी फायबर आहे. पावसाळ्यात वीज गेली की इंटरनेट जाते आणि कित्येकदा वीज आल्यावरही लाल दिवा राहतो. मी मुंबईत असतो. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणेच बंद पडते.

ही अडचण कोकणात घरोघरी आहे आणि म्हाताऱ्या माणसांचा बाहेरच्या जगाशी असलेला धागाच तिने तुटतो, म्हणून ती मनावर घ्यायला हवी. वीज गेल्यावर फायबरमधला प्रकाश जात नाही. बंद पडतो तो ओएनटी आणि राउटर. ही यंत्रे बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात, जे काही तास सहज टिकतात. विकत घेण्यापूर्वी दोन्ही अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर तपासावेत. वडिलांना ते लावणे कठीण वाटत असेल तर गणपतीला गावी जाल तेव्हा स्वतःच बसवून या.

वीज असूनही ओएनटीवरचा एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी राउटर पुनःपुन्हा बंद-चालू करण्याचा उपयोग नसतो. गावाकडे केबल विजेच्या खांबांवरून आणि माडा-आंब्यांमधून येते, एक फांदी पडली की तंतू तुटतो. आई-वडिलांनी फोनवर ‘नेट नाही’ एवढेच न सांगता ‘एलओएस लाल आहे’ असे सांगावे, म्हणजे लाइनमन स्प्लाइसिंगचे सामान घेऊनच निघतो आणि एक फेरी वाचते. दिव्यांचा फोटो पाठवता आला तर उत्तमच.

विजांच्या कडकडाटाचीही धास्ती असते. काचतंतूतून वीज वाहत नाही, मात्र ड्रॉप केबलला आधारासाठी पोलादी तार असते. ती घराबाहेरच्या हुकापाशी तोडून फक्त तंतूची बाजू आत घेतली आहे ना, हे पाहून घ्यावे. उरलेला धोका विजेच्या प्लगमधून येतो, म्हणून गडगडाट सुरू झाला की अॅडॉप्टर काढून ठेवावा. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय जात नाही. पडवीत बसून बोलणाऱ्यांसाठी राउटर माजघरात न ठेवता पडवीच्या भिंतीशी ठेवावा.

प्रश्न : मी दुबईला असतो. कोल्हापूरच्या घरी सीसीटीव्ही बसवला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवण्याची सोय) केले, पण बाहेरून चित्र दिसत नाही. फायबरमध्ये दोष आहे का?

दोष फायबरचा नाही. आयपीव्ही ४ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते अपुरे पडत असल्यामुळे पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या सेटिंगमधील वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर आपण त्याच व्यवस्थेत आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग तेथे चालणार नाही. पुरवठादाराकडून जादा शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा किंवा कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउड अॅपमधून पाहावे. दुसरा मार्ग निवडलात तर कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड आजच बदला.

प्रश्न : वर्षभराचे पैसे एकदम भरले तर दोन महिने मोफत आणि बसवण्याचा खर्चही माफ, असे सांगतात. घ्यावे का?

पहिले दोन-तीन महिने मासिक किंवा तिमाही योजनाच घ्यावी. रात्री नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळी वेग टिकतो का आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी येतो, हे वापरल्याशिवाय कळत नाही. वर्षाचे पैसे गुंतले की नापसंत सेवा सोडणे अवघड होते. जाहिरातीतील दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरूनच तुलना करावी. ‘अमर्याद’ म्हटलेल्या योजनेला डेटाची कोणती मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यावर वेग किती राहतो, हे लेखी घ्यावे. ओएनटी आपल्या मालकीचा की कंपनीचा, आणि सेवा सोडताना तो परत केल्यावर अनामत किती दिवसांत मिळते, हेही त्याच कागदावर असावे. यंत्र परत करताना त्यावरचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घेतल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नये.