पाणी पिण्याजोगं, मग जमीन कडक का?

प्रश्न : आमच्या विहिरीपासून किलोमीटरभरावर कोळशाची उघडी खाण आहे. गेल्या हंगामापासून ओलिताच्या शेतात पाणी जिरत नाही, वाळलं की वर पोपडा धरतो. पाणी तपासून घेतलं. सामू (पीएच) 7.9, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) 1.4 डेसिसायमन प्रति मीटर, सोडियम 230, कॅल्शियम 40, मॅग्नेशियम 24, बायकार्बोनेट 488, सल्फेट 192, क्लोराइड 71 मिलिग्रॅम प्रति लिटर. जड धातू मर्यादेत. शेरा : ‘पिण्यास हरकत नाही’. मग बिघडलंय काय? आणि दोष खाणीचा म्हणायचा का?

उत्तर : अहवालात खोट नाही. तुम्ही विचारलं शेतीचं, त्यांनी उत्तर दिलं माणसाच्या पोटाचं. जमिनीचं पोट वेगळं असतं.

कागद-पेन्सिल घ्या. सोडियमला 23 ने भागा, कॅल्शियमला 20 ने, मॅग्नेशियमला 12 ने. आले 10, 2 आणि 2. शेवटच्या दोघांची बेरीज 4, तिची निम्मी 2, वर्गमूळ 1.41. आता 10 ला 1.41 ने भागा : सात. हा तुमच्या पाण्याचा एसएआर, म्हणजे सोडियमचा जोर. अन्न व कृषी संघटनेच्या 1985 च्या मार्गदर्शक तक्त्यात एसएआर 6 ते 12 असेल आणि ईसी 1.9 च्या खाली, तर पाणी जिरायला अडचण येणार असं धरलंय. बायकार्बोनेट त्यात भर घालतं. 488 ला 61 ने भागलं की 8. त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे 4 वजा केले तरी 4 उरतात. 2.5 च्या वर गेलं की ते पाणी ओलिताला नको म्हणतात. हे उरलेलं बायकार्बोनेट जमिनीतल्या कॅल्शियमचा चुना करून बसवतं, सोडियमला मैदान मोकळं होतं, चिकणमातीचे कण सुटे होतात आणि भोकं बुजतात. पावसाचं गोडं पाणी पडल्यावर पोपडा जास्तच घट्ट झाला असेल, बघा आठवून.

आता खाण. कोळशासोबतच्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. आजूबाजूला चुनखडी असेल तर आम्ल मरतं, सामू सातच्या आसपास राहतो, पण सल्फेट मागे उरतं. म्हणून सामू चांगला दिसला की खाण निर्दोष, असं नसतं. मी आधी सल्फेट बघतो. तुमचं 192 मला फार वाटत नाही. आणि कोळशाच्या थरांत सोडियम-बायकार्बोनेटचं पाणी खाण नसतानाही सापडतं. तेव्हा या एका कागदावर मी खाणीला दोषी धरणार नाही, सोडणारही नाही.

खाण खोदण्याआधीचा एखादा जुना अहवाल शेजारीपाजारी कुणाच्या कपाटात आहे का, शोधा. त्याला तोड नाही. तो नसेल तर भूजलाच्या प्रवाहात खाणीच्या वरच्या अंगाला असलेली एक विहीर आणि तुमची विहीर, दोन्हींचे नमुने एकाच दिवशी, पावसाआधी आणि पावसानंतर, वर्षानुवर्षं घ्या. पाण्याची पातळीही लिहून ठेवा. खाणीत मोठा उपसा चालू असेल तर भूजल उलट खाणीकडे ओढलं जातं. उपसा थांबला, खड्डा भरला, की प्रवाह फिरू शकतो. खाण बंद झाली म्हणून तपासणी बंद करणारे नेमके तिथे फसतात.

नमुना घेण्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बोअरचं काचेसारखं पाणी बाटलीत भरलं आणि दोन दिवस पिशवीत ठेवलं. उघडून बघतो तर तळाशी नारिंगी गाळ. प्रयोगशाळेने वरचं नितळ पाणी तपासलं, लोह जवळजवळ शून्य! विरघळलेलं लोह हवा लागून खाली बसलं होतं. तेव्हापासून धातूंची बाटली विहिरीवरच गाळून, नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून बंद करतो. सामू आणि ईसी तिथेच मोजायचे, तेही पंप चालवून आकडे स्थिरावल्यावर.

पुढच्या वेळी बोरॉन आणि मँगनीजही मागा. ओलितासाठी लिटरमागे बोरॉन 0.7 मिलिग्रॅमच्या आत आणि मँगनीज 0.2 च्या आत हवं. ठिबक असेल तर लोह 0.1 च्या वर गेल्यापासूनच नळ्या तुंबायला लागतात. आणि सोडियम हटवायला जमिनीत घालतात त्या जिप्समची (कॅल्शियमचं खनिज) पोती आजच आणू नका. आधी पोपड्याच्या जागची माती तपासा, किती लागेल ते त्यावर ठरतं.